टर्बोच्या जीपची खांदमळणी

संतरामच्या हाताला बैलाचा खांदा कळायचा. ही फुशारकी नव्हे. जवळा बाजारच्या आसपास ज्यानं म्हणून कधी बैल जुपला असेल, त्या कुणालाही विचारा. जू घासून खांदा सुजला, कातडं सोललं, माश्या घोंगावायला लागल्या की लोक डॉक्टरच्या आधी संतरामच्या दारात बैल आणून उभा करायचे. तो आधी नुसता तळवा ठेवायचा. कुठं तापलंय, कुठं आतून पू धरलाय, हे त्याला तिथल्या तिथं समजायचं. मग करडईचं तेल, त्यात मूठभर हळद आणि लोण्याचा गोळा. जुन्या धोतराची पट्टी त्यात बुचकळायची आणि खांद्यावर बसवायची. कुणी शहाणा घरून कोरडी पट्टी बांधून आला असेल तर त्याची धडगत नसायची. "कोरडी पट्टी बांधतो व्हय रे गाढवा? ती जखमेला चिकटती आन् काढताना कातडं घेऊन येती. पट्टी तेल प्याली पायजे, तेल!" हा त्याचा कायदा. आणि त्या कायद्यानं कैक खांदे बरे झाले, हेही तितकंच खरं.

आता असा माणूस छातीचा असेल असं वाटतं ना? कशाचं काय! संतराम मुलखाचा भित्रा. माजलेल्या बैलाच्या शिंगाला हात घालील, पण विहिरीवरच्या मोटारीचं बटण काठीनं लांबून दाबायचा. आभाळ गडगडलं की घरातली माणसं मोजायचा. पोरगं बाजारातून यायला जरा उशीर झाला की ह्याच्या गावाच्या वेशीपर्यंत येरझाऱ्या. त्याची बायको सुमनबाई म्हणायची, "देवानं ह्यांना काळजाच्या जागी पिंपळाचं पान दिलंय. वारा न्हाई सुटला तरी आपलं हालतंय!" संतराम ऐकून घ्यायचा. भीती वाटते ह्याची त्याला लाज नव्हती. लाज वाटायची ती फक्त एका गोष्टीची, आपला इलाज चुकला म्हणवून घेण्याची. तेवढं मात्र त्याच्यानं सोसवायचं नाही.

एकुलता एक पोरगा सोमेश्वर. त्याचं मन शेतात कधी रमलं नाही. शेवटची बैलजोडी म्हातारी होऊन एकामागं एक गेली, गोठा रिकामा झाला, आणि पुढच्या वर्षी, म्हणजे दोन हजार सातच्या सुमाराला, सोमेश्वरनं नांदेडहून एक जीप आणली. गाडी दुसऱ्याच्या हातची, पण इंजिन नव्या तऱ्हेचं, टर्बोचं. चढाला लागली की शीळ घालायची. जवळा बाजार ते औंढा अशी माणसं वाहायची, सणासुदीला नागनाथाच्या दर्शनाच्या खेपा मारायच्या, असा त्याचा धंदा सुरू झाला. गोठ्याच्याच जागेवर पत्रे टाकून जीप उभी राहायला लागली. गव्हाणीसमोर जीप! संतराम रोज सकाळी शेणकूट काढायच्या वेळेला उठायचा आणि तिथं जाऊन नुसताच उभा राहायचा.

गाडी आली तशी त्याच्या भीतीला कामच मिळालं. पोरानं फोन कानाला लावून गाडी चालवलेली त्यानं एकदा बघितली, आणि घरी आल्या-आल्या त्याचा हात धरून देवापुढं उभा केला. "नागनाथाची शपथ घे. स्टेरिंगवर हात असला की फोन उचलणार न्हाई. मंग तो माझा असो का तुझ्या मायचा असो." सोमेश्वर हसला, पण शपथ घेतली. आणि पाळलीही. बापाचा शब्द तो हसण्यावारी न्यायचा, मोडायचा मात्र नाही.

पहिल्याच उन्हाळ्यात जीपनं रंग दाखवला. औंढ्याच्या चढाला, गाडी गच्च भरलेली असताना, स्टेरिंगपुढच्या काट्यांच्या काचेत एक पिवळा दिवा लागला आणि जीपचा दमच गेला. कितीही रेस द्या, ती आपली रांगत राहिली. नांदेडच्या मिस्तरीनं तिला एक यंत्र जोडलं. यंत्रावर एक आकडा आला. त्याला म्हणे कोड म्हणतात. आकडा बघून मिस्तरीनं बरोबर टर्बोपाशी हात घातला. तिथल्या सेन्सरची वायर धुराच्या पाइपाच्या धगीनं भाजून निघाली होती. त्यानं वायर बदलली, आणि पुन्हा भाजू नये म्हणून त्या पाइपाला जाड विणीची, उष्णता आतल्या आत कोंडणारी पट्टी गच्च गुंडाळून दिली. दिवा विझला.

घरी आल्यावर सोमेश्वरनं मोठ्या कौतुकानं बॉनेट उघडून बापाला दाखवलं.

"आबा, हे बघा. गाडीचा समदा तापलेला धूर ह्या पायपातून जातो. भार वाढला, चढ लागला, की हाच तापतो. पार लाल व्हतो."

"भार ह्याच्यावर येतो म्हण की."

"तसंच समजा. म्हणून ही पट्टी बांधली."

"आन् पुन्ना दुखलं तर?"

"दुखलं तर दिवा लागतो ना! जागोजाग सेन्सर हायत हिच्या अंगात. बैलावानी मुकं जनावर न्हाई हे. दिवा न्हाई लागला तर भ्यायचं कामच न्हाई."

"बैल मुका नसतो," संतराम पुटपुटला. पण त्याची नजर त्या पट्टीवर खिळली होती. भार येतो तिथं तापतं, तापतं तिथं सोलतं, सोलतं तिथं पट्टी. हे तर त्याचंच शास्त्र! त्यानं पट्टीला बोट लावून बघितलं. खडखडीत कोरडी. हात मागं घेतला. मनात म्हणाला, मिस्तरी कच्चा दिसतो.

मग आला पोळा. ज्याच्या गोठ्यात बैल नाही त्याला पोळा कसा लागतो, हे ज्याचं त्यालाच माहीत. पोळ्याच्या आदल्या दिवशी संध्याकाळी खांदमळणी असते. बैलाचा खांदा तेल-हळदीनं मळायचा, वर्षभर ओढून घेतलं त्याची माफी मागायची आणि आवतण द्यायचं, की उद्या जेवायला या. संतरामनं हे पोरवयापासून एकदाही चुकवलं नव्हतं. त्या दिवशी दिवेलागणीला आळीतल्या गोठ्यांतून आवतणाचे आवाज यायला लागले आणि ह्याला घरात बसवेना. सोमेश्वर गावात गेला होता. सुमनबाई आणि सून साधना चुलीपाशी डाळ निवडत होत्या. संतरामनं वाटीत तेल घेतलं, हळद घेतली, लोणी घेतलं, आणि गोठ्यात गेला. गोठ्यात कोण, तर जीप!

बॉनेट उघडायची कळ त्यानं बघून ठेवली होती. आधी तळवा ठेवला. गार होतं. मग तो तेल मळायला लागला. पट्टी तेल पीत गेली, तो ओतत गेला. वाटी संपली, तो दुसरी भरून घेऊन आला. आतल्या बाजूनं, वळणाशी, जिथं बोट शिरेल तिथं त्यानं तेल मुरवलं, आणि वरून धोतराची एक तेलात भिजवलेली चिंधीसुद्धा आवळून बांधली. "लई ओढलं बाई तू," तो जीपला म्हणाला. "माझ्या लेकराला सांभाळून आणती. आज आवतण घे, उद्या जेवायला ये." असं म्हणताना त्याचे डोळे भरून आले. बॉनेट त्यानं हळूच लावलं. हात पुसलेली दुसरी चिंधी स्वयंपाकघराच्या कोनाड्यात टाकून दिली.

त्या पट्टीत काचेचे धागे असतात, हे त्याला कुठून ठाऊक असणार? झोपेपर्यंत तळहात खाजत होते. सुमनबाई म्हणाली, "उजवा खाजला तर पैसा येतो म्हणत्यात." संतराम म्हणाला, "दोन्ही खाजून राहिले." "मंग गाठोडंच येतं बघा!"

सकाळी सोमेश्वर लवकर निघाला. अमावास्या, श्रावणाचा शेवट, औंढ्याला दर्शनाची गर्दी. साधनाही निघाली, चार वर्षांची मुक्ता तिच्या कडेवर. "मामा, दर्शन घेऊन दुपारच्या आत येतो," साधना म्हणाली. मुक्तानं आज्याला हात हालवला. गावापासून जवळा बाजारपर्यंतचा रस्ता चिखलाचा, जीप गोगलगाईच्या पावलानं गेली. संतराम मोठ्या समाधानानं तिच्या मागं बघत राहिला. मनात म्हणाला, आज बघ कशी हलकी चालती. खांदा मोकळा झालाय तिचा.

मग तो ओसरीवर मातीचे बैल रंगवायला बसला. आत सुमनबाई पुरण शिजवत होती. पातेलं उतरवायला काही सापडेना म्हणून तिनं कोनाड्यातली चिंधी ओढली. पातेलं धरायला गेली आणि चिंधीचं टोक जाळाला लागलं. नुसतं लागलं म्हणून काय झालं! भक्कन पेटली. सुमनबाईनं किंचाळून ती फेकली, ती जमिनीवर पडूनही जळत राहिली, पाणी ओतलं तर वर उसळली.

"अवं, तेलाची चिंधी चुलीपाशी कुणी ठिवली? जाळून मारता का काय मला?"

संतराम दारात उभा होता. तो चिंधीकडं बघत होता. जळकी हळद, जळकं तेल, आणि पिवळा जाळ. त्याच्या हातातून मातीचा बैल पडला.

भार वाढला की तापतो. पार लाल होतो. असं पोरगंच म्हणालं होतं ना?

सुमनबाई काय बोलतेय ते ऐकू येईना. आपण काय करून बसलो! दोन वाट्या तेल, वरून चिंधी! चिखलाच्या रस्त्यानं गाडी हळू गेली असेल, तोवर ठीक. बाजारात माणसं भरतील, डांबरी लागेल, चढ लागेल... आणि दिवा? दिवा लागेल ना? लगेच त्याच्या ध्यानात आलं. दिवा कशाचा लागेल? वायर दुखली तर दिवा लागतो. बापानं तेल ओतलं तर कोणता सेन्सर बोंबलणार होता? पोरगं तर दिव्याच्या भरवशावर बिनघोर बसलेलं!

"काय झालं? असे पांढरेफटक काहून पडलात?" सुमनबाईनं विचारलं.

"काही न्हाई," तो म्हणाला, आणि तसाच अनवाणी पळत सुटला.

घरात फोन एकच, तो सोमाच्या खिशात. शेजारी व्यंकटराव राहायचा. त्याच्याकडं मोटारसायकलही होती आणि फोनही. गडी मोठा थट्टेखोर. बैलाच्या शिंगांना रंग लावत बसला होता.

"व्यंकट, सोमाला फोन लाव. लौकर!"

फोन लागला. घंटी वाजत राहिली, वाजत राहिली आणि बंद पडली. पुन्हा लावला. पुन्हा तेच.

"उचलत न्हाई संतरामदादा. तुमीच तर शपथ घातली पोराला! आता घ्या, फिटली हौस?"

संतरामला त्याचं हसणं ऐकू आलं नाही, शब्द मात्र काळजात जाऊन रुतले. आपल्याच हातानं पोराचे कान बंद केले आपण. "मला त्याला गाठायचंय," तो म्हणाला. "तुझ्या पाया पडतो व्यंकट, काही इचारू नको, गाडी काढ."

म्हाताऱ्याचं तोंड बघून व्यंकटरावची थट्टा तोंडातच राहिली. त्यानं रंगाचा ब्रश टाकला आणि मोटारसायकल काढली.

चिखलातून मोटारसायकल घसरत चालली. संतरामनं व्यंकटरावचा सदरा मुठीत धरला होता. सांगावं का ह्याला? दोनदा त्यानं तोंड उघडलं. पण काय सांगायचं? खांद्याचा जाणकार म्हणून ज्याचं नाव, त्यानं जीपला तेल पाजलं आणि लेकरांची चिता रचली? गाव हसेल, पिढ्यान्‌पिढ्या हसेल. सांगू, आधी गाडी सापडू दे. बाजारात असेलच ती. माणसं भरेपर्यंत सोमा हालत नाही. असेलच.

जवळा बाजारच्या स्टँडवर जीप नव्हती. पानवाला म्हणाला, "सोमा व्हय? आत्ताच गेला की. आज सणाची गर्दी, झटक्यात भरली गाडी. टपावरसुद्धा बसत होते, त्यानं बसू दिलं न्हाई."

गच्च भरून गेली. संतरामनं कपाळाला हात लावला. "हाण व्यंकट, हाण!"

डांबरी लागली. मोटारसायकल पळायला लागली, तरी संतरामला वाटे की जागेवरच हाय. दोन्ही बाजूंनी सोयाबीन हिरवंगार, माणसं बैल धुऊन सजवून राहिलेली, कुठं हलगी वाजून राहिलेली. आणि ह्याच्या डोळ्यांपुढं मुक्ताचा हालणारा हात. तेवढ्यात पुढं, रस्त्याच्या वळणावर, धुराचा लोट दिसला. काळा, जाड. संतरामच्या तोंडून आवाज फुटला, तो काय ओरडला ते त्याचं त्यालाच कळलं नाही. जवळ गेले तर हॉटेलवाल्यानं ओल्या लाकडाची भट्टी पेटवलेली. व्यंकटरावनं मागं मान वळवून विचारलं, "दादा, झालं तरी काय?" "तू हाण," संतराम म्हणाला.

चढाच्या अलीकडं तांड्याचा फाटा आहे. तिथं जीप उभी दिसली! तांड्यावरचा अमरसिंग आणि त्याची बायको रूपाबाई मागच्या बाजूनं चढत होते. "आडवी घाल," संतराम ओरडला. व्यंकटरावनं मोटारसायकल जीपच्या पुढ्यात नेऊन आडवी घातली.

संतराम उतरला. गाडी धडधडत होती. नाकाला वास आला. फोडणी करपल्याचा, हळद करपल्याचा. आत रूपाबाईनं ओढणी नाकाला लावली होती. साधना म्हणत होती, "अवं, कवाचं सांगते, कायतरी जळून राहिलंय." सोमेश्वर म्हणत होता, "दिवा लागलाय का? न्हाई ना? आज घरोघर पुरण शिजून राहिलंय, त्याचा वास असंल." मग त्याला बाप दिसला.

"आबा? तुमी हितं? काहून?"

सगळी जीप संतरामकडं बघायला लागली. अमरसिंग, ज्याच्या बैलाचा खांदा त्यानं गेल्या वर्षीच बरा केला होता, तो मागून मान काढून बघत होता. व्यंकटराव बघत होता. साधना बघत होती. दोन शब्द बोलायचे होते, तेल लावलंय, उतरा. तेवढेच. आणि तोंडातून भलतंच निघालं.

"तुझी माय... माय पडली."

हे आपण काय बोललो, हे संतरामला कळायच्या आत सोमेश्वरचा चेहरा उतरला. "पडली? कुठं पडली? बोलते का?" तो बापाच्या उत्तरासाठी थांबलाच नाही. "बसा! आधी बसा तुमी!" त्यानं खाली उतरून बापाला धरून पुढच्या बाजूला साधनाशेजारी कोंबला. मागून अमरसिंग ओरडला, "चल भाऊ, दर्शन मागून व्हईल! आधी मायला बघ!" सगळेच म्हणाले, चल, चल. एकही माणूस उतरला नाही. व्यंकटराव म्हणतोय, "अरे, मला तर हे काही बोलले न्हाईत..." तोवर सोमेश्वरनं एका दमात गाडी वळवली आणि पाय दाबला.

करायला गेलो गणपती अन् झाला मारुती, असं म्हणतात, ते हसण्यावारी म्हणतात. संतरामला त्या घडीला हसू कुठलं? पोरगं एरवी गाडी जपून चालवायचं. आज आईसाठी जीव खाऊन हाणत होतं. टर्बो शीळ घालायला लागला. मुक्ता आज्याच्या मांडीवर येऊन बसली होती, त्याच्या सदऱ्याच्या गुंड्यांशी खेळत होती. पायाखालचा पत्रा चटका द्यायला लागला. संतरामची नजर स्टेरिंगपुढच्या दिव्यांच्या काचेवर. लाग रे, लाग. एकदा तरी लाग. दिवा लागला की पोरगं थांबेल, आणि मला तोंड उघडायला नको. इतका हलका विचार त्याच्या मनात आला आणि त्याची त्यालाच शिसारी आली. काच अंधारीच होती. सोमेश्वरच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. "आबा, ती शुद्धीवर व्हती ना? सांगा ना!"

बॉनेटच्या फटीतून धुराची एक बारीक दोरी निघाली.

"थांबव!" संतराम ओरडला. "सोमा, थांबव! मी तेल लावलं!"

"काय?"

"तुझ्या जीपची खांदमळणी केली मी! पट्टीला तेल पाजलं, दोन वाट्या, वरून चिंधी बांधली! जळंल रे ती, समदे जळतील, थांबव!"

सोमेश्वरनं एकदा बापाकडं बघितलं. मग बॉनेटकडं. आणि दोन्ही पायांनी ब्रेक दाबला.

गाडी थांबली तसा वारा थांबला, आणि वारा थांबला तसा जाळ वर आला. बॉनेटच्या कडेनं पिवळी जीभ लवलवली. साधना मुक्ताला घेऊन उडी मारून उतरली. मागं एकच कालवा. मागच्या दाराची कडी बाहेरूनच उघडायची, आतून नाही. लोक आतून दारावर हात आपटायला लागले. संतराम पळाला. बटण काठीनं दाबणारा माणूस तो, पण जळत्या गाडीला वळसा घालून पळाला, कडी ओढली. कडी हालेना. त्यानं खांदा लावला आणि पुन्हा ओढली. दार उघडलं तशी माणसं एकमेकांवर पडत बाहेर आली. रूपाबाईचा घागरा पायरीच्या खिळ्यात अडकला, संतरामनं तो दोन्ही हातांनी फाडला आणि तिला ओढून काढलं. "अजून कोण हाय आत? कोण हाय?" तो ओरडत होता. आत कुणी नव्हतं. तरी तो वाकून-वाकून बघत होता.

तेव्हा कुठं त्या काचेतले दिवे लागले. वायरी जळाल्या आणि पिवळे, लाल, सगळे एकदम लागले. अमरसिंगनं रस्त्याकडेच्या ओल्या काळ्या मातीची ढेकळं उचलून फेकायला सुरुवात केली, मग सगळेच फेकायला लागले. बऱ्याच वेळानं जाळ बसला. जीपचं तोंड काळं ठिक्कर पडलं होतं. इंजिन गेलं, काच गेली, पुढची सीट अर्धी जळाली. माणूस मात्र एकालाही काही झालं नव्हतं.

व्यंकटराव मागून येऊन पोचला होता. लोक चिखलाच्या हातांनी उभे होते. मागं बसलेल्यांनीही ते ऐकलं होतं. खांदमळणी केली मी, तेल पाजलं. संतराम रस्त्याच्या कडेला बसला. आता हसतील, असं त्याला वाटलं, पण कुणी हसलं नाही, आणि ते त्याहून वाईट होतं. त्यानं मुक्ताकडं हात केला. साधनानं लेकराला छातीशी आवळलं आणि एक पाऊल मागं सरकली. तिनं ते मुद्दाम केलं नसावं. पण सरकली खरी.

सोमेश्वर जीपपाशी उभा होता. मग तो वळला आणि बापाकडं चालत आला. भुवया होरपळल्या होत्या, हात कोपरापर्यंत काळे. संतरामनं मान खाली घातली. मारील, असं त्याला वाटलं. मारावं, असंही वाटलं. पोराचे पाय त्याच्यापुढं येऊन थांबले.

"आबा," सोमेश्वर म्हणाला. त्याचा आवाज लहान लेकरासारखा झाला होता. "माय खरंच पडली का?"

संतरामनं वर बघितलं. आपल्या त्या एका खोट्या शब्दाखाली पोरगं अजून दबून राहिलं होतं, हे त्याच्या ध्यानातच आलं नव्हतं.

"न्हाई रे," तो कसाबसा म्हणाला. "बरी हाय ती. घरी पुरण शिजवून राहिली."

सोमेश्वर तिथंच चिखलात मटकन बसला, बापाच्या गुडघ्यावर डोकं टेकलं, आणि हमसून-हमसून रडायला लागला.